मागच्या तारखा टाकू नका, मागचं दार उघडा

प्रश्न: मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत फॅसिलिटी सांभाळते. कायम आणि कंत्राटी मिळून ३२० माणसं आहेत. आधीचे फॅसिलिटी मॅनेजर दोन महिन्यांपूर्वी सोडून गेले आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. तीन आठवड्यांनी परदेशी ग्राहकाचं ऑडिट आहे. कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षेचे नियम पाळता हे दाखवा, असं त्यांनी कळवलंय. कपाट उघडून पाहिलं तर फायर एक्स्टिंग्विशर, फर्स्ट एड, पाण्याच्या टाक्यांची सफाई ही सगळी रजिस्टरं गेले सात महिने कोरी आहेत. प्लँट हेड म्हणाले, "दोन मुलं बसव आणि मागच्या तारखा टाकून भरून घे. सगळीकडे असंच चालतं." मला ते पटत नाही, पण नाही कसं म्हणू? काय काय दाखवायचं असतं? आणि एक छोटी गोष्ट. मागच्या बाजूने भंगार चोरीला जातं म्हणून तिथल्या इमर्जन्सी दाराला कुलूप असतं, चावी सिक्युरिटीकडे. ऑडिटच्या दिवशी ते काढून ठेवलं तर चालेल ना?
— एक वाचक, चाकण

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही "छोटी गोष्ट" म्हणून शेवटी लिहिली आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करतो. ते कुलूप आज काढा. हा अंक तुमच्या हातात दुपारी पडला असेल तर दुसरी पाळी सुरू होण्याआधी काढा. रजिस्टरांचं नंतर बघू.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बल्दिया टाउनमध्ये अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. आग कुणी आणि का लावली यावर तिथल्या कोर्टात अनेक वर्षं खटला चालला. पण इतकी माणसं आत का अडकली, याचं उत्तर त्याच दिवशी उघड्यावर होतं: बाहेर पडायची दारं बंद होती आणि खिडक्यांना गज होते. त्या कारखान्याकडे कामगारांच्या सुरक्षेचं आणि हक्कांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र होतं. आगीच्या काही आठवडे आधीच मिळालेलं, कोरं करकरीत. म्हणजे तिथेही कुणीतरी फाइल तयार केली होती, कुणीतरी ती तपासली होती, आणि सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या.

तुमच्या सिक्युरिटीवाल्याकडे चावी आहे, हे उत्तर मला माहीत आहे, कारण मीही एके काळी तेच द्यायचो. धूर झाल्यावर तो गार्ड गेटवर असतो, चावी जुडग्यात असते, लाइट गेलेले असतात. इमर्जन्सी दार आतून, चावीशिवाय, एका धक्क्यात उघडलं पाहिजे. भंगारचोरीवर उपाय आहे: पॅनिक बार. आतून आडव्या दांड्यावर भार दिला की दार उघडतं, बाहेरून उघडत नाही, आणि सोबत अलार्म बसवला तर कुणी उगाच उघडलं की गेटवर घंटा वाजते. बसवायला आठवडा लागेल. तोवर तिथे खुर्ची टाकून एक गार्ड बसवा आणि दार आतून नुसत्या कडीवर ठेवा. भंगार जाईल तेवढं जाऊ दे.

आता तुमचा खरा प्रश्न, रजिस्टरं.

भरू नका. दोन मुलं बसवून तर नाहीच नाही. हे मी नीतीच्या गोष्टी सांगायच्या म्हणून सांगत नाही. बावीस वर्षं कारखान्यांच्या देखभाल विभागात काढली, आणि एक रजिस्टर मी स्वतः असंच भरलं होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही. महिनाअखेरीस टेबलावर बसून चाळीस ओळी, प्रत्येकीपुढे "ओके", खाली माझी सही. पुढच्या महिन्यात पॅनल रूममध्ये केबलने पेट घेतला. एका हेल्परने जवळचा एक्स्टिंग्विशर उचलला, पिन काढली, दाबलं, तर आत दाबच नव्हता. तो तसाच उभा राहून पुन्हा पुन्हा दाबत राहिला, कारण त्याला शिकवलं होतं की हे दाबलं की आग विझते. त्याचे दोन्ही हात भाजले. चौकशीत माझं रजिस्टर काढलं. त्या नंबरच्या सिलिंडरपुढे "ओके" होतं. त्या दिवसापासून मी न पाहिलेल्या वस्तूपुढे खूण केलेली नाही.

शिवाय, ताई, अशी रजिस्टरं पकडली जातात. ज्यांनी पाच-पन्नास कारखाने पाहिलेत ते लोक आकडे वाचत नाहीत, कागद वाचतात. सात महिने एकच पेन, एकाच कलाने झुकलेलं अक्षर, कडेला एकही तेलाचा डाग नाही. तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असेल, चाकण-भोसरीकडे बहुतेक ठिकाणी असतेच, तर मुलं हमखास एखाद्या गुरुवारची तारीख टाकतात. मार्चमध्ये विकत घेतलेल्या सिलिंडरची फेब्रुवारीत तपासणी झालेली असते. आणि सगळ्यात नेहमीची चूक: कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरपुढे "प्रेशर ओके" लिहिलेलं असतं. त्या सिलिंडरला प्रेशर गेज नसतोच, तो वजन करून तपासावा लागतो. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते बघायचं, आणि कार्बन डायऑक्साइडचा वजनकाट्याला टांगायचा. हे ज्याला माहीत नाही त्याने ते रजिस्टर टेबलावर बसून भरलं, हे कुठलाही जाणकार अर्ध्या मिनिटात ओळखतो. एक खोटी ओळ सापडली की तुमच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

मग कोऱ्या महिन्यांचं काय करायचं? ते कोरेच ठेवायचे. शेवटच्या खऱ्या नोंदीखाली एक आडवी रेघ मारा आणि आजच्या तारखेने लिहा: "अमुक तारखेपासून आजपर्यंत तपासणीच्या नोंदी आढळल्या नाहीत. आज सर्व ४२ एक्स्टिंग्विशर जागेवर जाऊन तपासले. ३७ चालू, ५ सदोष, त्यांचे नंबर असे. सदोष काढून बदली सिलिंडर लावले. रिफिलसाठी पाठवले, चलन क्रमांक असा." खाली नाव आणि सही. (४२ हा आकडा मी नमुन्यादाखल घेतलाय, तुमचा तुम्ही मोजा. आणि खरंच मोजा, कारण यादीतले दोन-चार कुठेतरी दार अडवायला वापरात असतात.) या सात ओळी मागच्या तारखांच्या सात पानांपेक्षा जास्त वजनदार आहेत. शेवटचे दोन महिने तुमचे आहेत हेही त्यात येईल. येऊ द्या.

पण एक लक्षात घ्या, नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही असं नाही. टाकी धुणारा आला असेल तर त्याचं बिल अकाउंट्समध्ये असेल, गेटच्या रजिस्टरमध्ये त्याच्या गाडीची नोंद असेल. डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, सर्व्हिसचा रिपोर्ट वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराच्या (एएमसीवाल्याच्या) मेलमध्ये असेल. दोन दिवस घालवून हे सगळं गोळा करा आणि आहे तसं फाइलला लावा. त्यावरून नव्या नोंदी पाडू नका. बिल हा स्वतःच पुरावा आहे.

आता फेरी. हे फॅसिलिटीचं खरं काम, आणि माझ्या मते दाखवायची खरी गोष्टही हीच. उद्या सकाळी तुमचा इलेक्ट्रिशियन आणि शॉप फ्लोअरवरची एखादी जुनी, न घाबरता बोलणारी बाई किंवा गडी सोबत घ्या. वही घ्या, फोन घ्या. गेटपासून सुरू करून शेवटच्या शेडपर्यंत चाला, आणि दिसेल ते लिहा. मग तीच फेरी तिसऱ्या पाळीत, रात्री अडीचला करा. दिवसा जी पिवळ्या पट्ट्यांमधली वाट मोकळी होती तिथे रात्री पॅलेट आणि बिन लागलेले दिसतील. जिन्यावरचा दिवा गेलेला असेल. फर्स्ट एड बॉक्सला कुलूप आणि चावी दिवसपाळीच्या सुपरवायझरच्या खिशात. रात्रपाळीत बायका असतील तर त्यांना विचारा, टॉयलेटपर्यंतच्या वाटेवर उजेड आहे का, आतून कडी लागते का. हा प्रश्न कुठल्या चेकलिस्टमध्ये सहसा नसतो, आणि तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हाला त्याचं खरं उत्तर मिळेल.

फेरीत थांबून बघायची एक जागा: फायर पंप. पॅनलवर ऑटो आणि मॅन्युअल असा स्विच असतो. पाइपात कुठेतरी गळती असली की जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होतो, त्या कटकटीला कंटाळून कुणीतरी स्विच मॅन्युअलवर टाकतं आणि वर्षानुवर्षं तो तिथेच राहतो. मग लाल पाइप, लाल होज बॉक्स, सगळं रंगवलेलं छान दिसतं, आणि आगीच्या वेळी पंप सुरू करायला माणूस पळत जावा लागतो. परीक्षा सोपी आहे. स्विच ऑटोवर ठेवा आणि लांबच्या टोकाचा हायड्रंट, म्हणजे आगीच्या पाण्याचा नळ, उघडा. पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. झाला तर दाब किती आला ते लिहा, त्याचा व्हिडिओ करून ठेवा. नाही झाला तर तेही लिहा आणि आजच फिटर बोलवा. डिझेलचा पंप असेल तर दर आठवड्याला चालवायची सवय लावा, त्याची बॅटरी नेमकी नको त्या दिवशी उतरलेली असते.

कागद कोणते लागतात ते भराभर सांगतो, कारण हे तुम्हाला कुठल्याही सल्लागाराकडूनही मिळेल. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं "नमुना ब" प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घेऊन द्यावं लागतं. तुमचं शेवटचं कधीचं आहे ते पहिल्यांदा शोधा. लिफ्ट आणि हॉइस्टची तपासणी सक्षम व्यक्तीकडून सहा महिन्यांतून एकदा, क्रेन, चेन पुली, स्लिंग, शॅकल यांची वर्षातून एकदा. कॉम्प्रेसरचा एअर रिसिव्हर, म्हणजे दाबलेली हवा साठवणारी टाकी, तपासायला विसरू नका, तो शेडच्या मागे असतो म्हणून नेहमी राहून जातो. फर्स्ट एड बॉक्स दर १५० माणसांमागे एक, म्हणजे ३२० ला किमान तीन, आणि प्रत्येकासाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, प्रत्येक पाळीत. भिंतींचा चुना चौदा महिन्यांतून एकदा, त्याची तारीख रजिस्टरमध्ये. पिण्याच्या पाण्याची जागा मोरी आणि संडासापासून सहा मीटर लांब. अर्थिंग पिटचं, म्हणजे विजेची अर्थिंग जमिनीत पुरलेल्या खड्ड्याचं, रीडिंग उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी घेतलेलं हवं. भर पावसात जमीन ओली असताना घेतलेलं रीडिंग छानच येतं, त्यावर जाऊ नका.

हे आकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चौकटीतले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात विलीन झाला. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथवर, नवे नियम येईपर्यंत चालू राहतात. पण काही मर्यादा संहितेनेच बदलल्या आहेत आणि त्या तुम्हाला थेट लागतात. कँटीनची अट पूर्वी अडीचशेच्या वर होती, आता कंत्राटी धरून शंभर कामगारांवर आली. कामगारांच्या सोयी पाहणारा कल्याण अधिकारी पूर्वी पाचशेवर लागायचा, आता अडीचशेवर, म्हणजे ३२० माणसांच्या तुमच्या कारखान्याला. प्लँट हेडना हे माहीत आहे का ते विचारा, बहुधा नसेल. पुणे विभागाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन विचारायला अजिबात संकोच करू नका. आपण होऊन विचारायला आलेल्या माणसाला तिथे बहुतेक वेळा नीट उत्तर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

एका विषयावर मात्र मला थांबायचंच आहे. तुमच्या पत्रात तो नाही, म्हणून जास्त. तुमच्याकडे सेप्टिक टँक किंवा सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प (एसटीपी) असणार. तो साफ कोण करतं?

बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, "हाउसकीपिंगचा कंत्राटदार बघतो." तो कसा बघतो ते जाऊन पाहा. झाकण काढून कंत्राटदाराचा पोरगा दोरीला धरून आत उतरत असेल तर ते काम त्याच क्षणी थांबवा. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास यायचा बंद होतो. माणसाला वाटतं, गेला वायू. आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. एकाच टाकीत दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा घडतात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवून दिली. पण पैशांची भीती घालून हे सांगायला नको. सक्शन टँकर मागवा आणि वरूनच उपसा. पंप काढायला वगैरे खरोखरच उतरावं लागलं, तर आधी हवा खेळवायची, गॅस मीटरने आतलं रीडिंग घ्यायचं, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही, हार्नेस आणि तिवई लावायची, वर एक माणूस कायम उभा, आणि हे सगळं लिहिलेलं वर्क परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, सहीनिशी. कंत्राट दिलं म्हणून तुमची जबाबदारी कंत्राटदाराकडे जात नाही. मूळ मालक तुमची कंपनी आहे.

तसंच हाउसकीपिंगच्या मावश्या. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कालवतात, जास्त स्वच्छ निघतं म्हणून. त्यातून क्लोरीन निघतो. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बाटल्यांवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात चिकटपट्टी लावा, आणि दहा मिनिटं बसून करून दाखवा. प्रशिक्षणाची नोंद म्हणजे हजेरीचा कागद नव्हे. ऑडिटवाला त्या मावशीला बाजूला घेऊन विचारेल, "हे दोन्ही एकत्र केलं तर काय होतं?" तिने बरोबर सांगितलं तर तुमचं अर्धं काम झालं.

फेऱ्यांमधून जे निघेल त्याची एकच यादी करा. दोष काय, कुठे, कधी दिसला, कोण करणार, कधीपर्यंत, केल्यावरचा फोटो. ऐंशी-नव्वद ओळी होतील. तीन आठवड्यांत पन्नास मिटतील, बाकी उघड्या राहतील. ती यादी उघड्या ओळींसकट ऑडिटवाल्यासमोर ठेवा. ज्या वहीत एकही दोष नाही ती वही कुणाला खरी वाटत नाही. ग्राहक आयएसओ ४५००१ या कामाच्या जागच्या आरोग्य-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवर ऑडिट करत असेल तर त्या पद्धतीत दोष सापडणं आणि त्यावर सुधारणा करणं हाच गाभा आहे. नापास व्हायची पाळी येते ती धोका माहीत असून झाकल्यावर.

राहिले तुमचे प्लँट हेड. त्यांना एकटं गाठून बोला, मीटिंगमध्ये नको. नीतीवर बोलू नका, काम करून घेऊन जा. म्हणा, "सर, मागच्या तारखा पकडल्या तर ऑर्डरच जाईल. त्याऐवजी आजपासूनचं सगळं खरं तयार केलंय, ही यादी, हे फोटो. यातल्या सहा गोष्टींना तुमची मंजुरी लागेल, पैकी पहिली पॅनिक बार." माणूस बहुधा वाईट नसतो, त्याला तीन आठवड्यांत सुटका हवी असते आणि कुणी दुसरी वाट दाखवलेली नसते. तुम्ही दाखवा. बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी त्यांना दोन ओळींचा मेल टाका, "आज ठरल्याप्रमाणे" असं लिहून.

तरीही ते म्हणाले की भरच, तर सही करू नका. खोट्या नोंदी करणं कायद्यानेही गुन्हा आहे, आणि चौकशीत "साहेबांनी सांगितलं होतं" याला कागद नसतो, सहीला असतो. या कामात नवीन आहात, घरचं पाहावं लागत असेल, हे मला कळतं. म्हणूनच नुसतं "नाही" म्हणून येऊ नका, यादी घेऊन जा असं सांगतोय.

पॅनिक बारला मंजुरी मिळायला वेळ लागला तर मला कळवा. आणि दार उघडलंत की त्याच्या समोरच्या बाजूलाही एकदा जाऊन या. बाहेर दारापाशी कुणीतरी बाइक लावलेली असते.